निवळणारे रक्त आणि एका तासाचा आकडा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आरोग्यविषयक एखादा विषय घेऊन बोला असे सुचवले, तेव्हा त्यांच्या मनात हृदयविकार, मधुमेह असा एखादा मोठा विषय असावा. मी मात्र फार लहान विषय निवडला आहे. रक्त तपासून आल्यावर जो कागद आपल्या हाती पडतो, त्यावर 'ई. एस. आर.' अशी तीन अक्षरे असतात आणि त्यांच्यापुढे एक आकडा असतो. आज मी बोलणार आहे तो त्या आकड्याविषयी. हा विषय मी निवडला, कारण या एका आकड्याने आमच्या व्यवसायात जितकी मदत केली आहे, तितकीच आपल्या घराघरांतून विनाकारण भीतीही पसरवली आहे. आकडा थोडा वाढलेला दिसला, की रोग्याच्या आधी घरचे लोक आजारी पडतात! तेव्हा हा आकडा येतो कुठून, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे एकदा शांतपणे समजून घ्यावे, एवढाच माझा हेतू आहे.

त्या तीन अक्षरांचा अर्थ अगदी सरळ आहे. रक्तातल्या तांबड्या पेशींचा गाळ तळाशी बसण्याचा वेग. रोगाचे नाव त्यात नाही, जंतूचे नाव नाही, शरीराच्या कोणत्या भागात बिघाड आहे त्याचा निर्देश नाही. आहे तो फक्त वेग.

आता गाळ बसणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घरात आले, की आपल्या आज्या काय करीत असत? हंड्यात तुरटीचा खडा दोनचार वेळा फिरवीत, किंवा निवळीचे बी उगाळून घालीत. थोड्या वेळाने माती तळाशी जाई आणि वर स्वच्छ पाणी राही. तुरटीवाचून ती माती का बसत नव्हती? मातीचे ते कण अत्यंत बारीक असतात आणि प्रत्येकावर ऋण विद्युत्‌भार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात. म्हणून ते एकत्र येत नाहीत आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटी त्यांचा तो परस्परद्वेष नाहीसा करते. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि गोळे खाली बसतात.

रक्तात नेमके हेच घडते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशी मधोमध किंचित दबलेल्या चकतीसारखी, तिचा व्यास मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. ज्या पिवळसर द्रवात त्या तरंगतात त्याला रक्तद्रव म्हणतात. पेशी या द्रवापेक्षा जड आहेत, तेव्हा त्या बुडायलाच हव्यात. पण त्यांच्या अंगावरही ऋण विद्युत्‌भार असतो, आणि त्यामुळे त्या एकमेकींपासून अंतर राखून राहतात. एकटी पेशी फार सावकाश बुडते.

आता या द्रवात तुरटीचे काम करणारे पदार्थ कोणते? ती काही प्रथिने होत. त्यांत पहिला मान फायब्रिनोजेनचा. जखम झाली की रक्त गोठवण्यासाठी लागणारे हे प्रथिन. त्याच्या पाठोपाठ ग्लोब्युलिन नावाचा गट येतो. शरीरात कुठे दाह सुरू झाला, जंतूंशी झुंज लागली, पेशींचा नाश होऊ लागला, की यकृताला संदेश जातो आणि ते फायब्रिनोजेन अधिक प्रमाणात तयार करू लागते. ही लांबट प्रथिने पेशींमधला दुरावा कमी करतात. मग चकत्या एकीवर एक बसतात. सराफाच्या पेढीवर रुपयांची चळत रचलेली आपण पाहिली असेल. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींच्या अगदी तशाच चळती दिसतात. गोळ्याची त्रिज्या दुप्पट झाली तर त्याचा बुडण्याचा वेग चौपट होतो, असा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. म्हणून चळती जितक्या मोठ्या, तितका गाळ लवकर बसतो. सारे रहस्य एवढेच आहे.

हे रहस्य माणसाला कळले कसे, त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. युरोपात शतकानुशतके जवळजवळ प्रत्येक आजारावर शीर उघडून रक्त काढण्याची चाल होती. भांड्यात धरलेले ते रक्त वैद्य निरखून पाहत. निरोगी माणसाचे रक्त एकसारखे गोठे. पण ज्वर किंवा दाह झालेल्या माणसाच्या रक्तात गोठण्यापूर्वीच तांबड्या पेशी खाली जात आणि वर फिकट पिवळ्या रंगाची साय धरे. ही साय म्हणजे शरीरातला दूषित पदार्थच बाहेर पडला, अशी समजूत होती. मग वैद्य आणखी रक्त काढीत. पण गंमत पाहा! रक्तातल्या पेशींची संख्या घटली की उरलेल्या पेशी अधिक वेगाने खाली बसतात. म्हणजे जितके रक्त काढावे तितकी साय दाट होण्यास मदतच व्हायची, आणि साय दाट दिसली की आणखी रक्त काढण्यास आधार मिळायचा! खूण म्हणजेच रोग असे मानले, की औषध स्वतःच रोग कसे होते, याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही. हा दाखला आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

इंग्लंडातील प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर याने दाहाच्या विकारात रक्ताच्या पेशी लवकर बसतात, हे नोंदवून ठेवले होते. त्याचा रक्त आणि दाह यांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९४ साली प्रसिद्ध झाला. परंतु वेग मोजून त्याचा रोगनिदानाशी संबंध लावण्याचा पहिला मान पोलंडच्या एडमंड बिएर्नात्स्की या वैद्याकडे जातो. १८९७ साली त्याने दाखवून दिले, की निरनिराळ्या माणसांच्या रक्ताचा गाळ निरनिराळ्या वेगाने बसतो, ज्वराच्या रोग्यात तो वेग वाढतो, आणि फायब्रिनोजेन काढून टाकलेल्या रक्तात तो मंदावतो. म्हणजे कारणाचा धागाही त्याच्या हाती लागला होता. पण त्या काळी त्याच्या लेखनाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि १९११ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

पुढे १९१८ साली स्वीडनमधला रॉबिन फारेउस हा तरुण संशोधक अगदी वेगळीच गोष्ट शोधीत होता. स्त्री गरोदर आहे की नाही, हे रक्तावरून ओळखता येईल काय, हा त्याचा प्रश्न. गरोदर स्त्रीचे रक्त लवकर निवळते, हे त्याला दिसले. पण पुढे त्याच्या ध्यानात आले, की केवळ गरोदर स्त्रीचेच नव्हे, तर अनेक आजारी स्त्री-पुरुषांचेही रक्त तसेच निवळते. म्हणजे गर्भाची परीक्षा म्हणून ही रीत निकामी ठरली. पण त्यातून एक अधिक व्यापक परीक्षा हाती आली. याच फारेउसने पुढे असेही मांडले, की भांड्यातल्या रक्ताचे जे थर प्राचीन ग्रीकांनी पाहिले, त्यांतूनच त्यांची चार धातूंची कल्पना उगम पावली असावी. आणि १९२१ साली त्याचाच देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन याने फुप्फुसाच्या क्षयाच्या रोग्यांवर ही परीक्षा वापरून तिला बांधीव रूप दिले. ते रूप इतके पक्के ठरले, की १९७३ साली रक्तशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय समितीने वेस्टरग्रेनचीच रीत प्रमाण म्हणून स्वीकारली. योगायोग असा, की फारेउस आणि वेस्टरग्रेन हे दोघेही १९६८ सालीच निवर्तले.

ती रीत अशी. शिरेतून घेतलेले रक्त चार भाग आणि सोडियम सायट्रेटचे ३·८ टक्क्यांचे द्रावण एक भाग, असे मिश्रण करावयाचे. सायट्रेट कशासाठी? तर रक्त गोठू नये म्हणून. हे मिश्रण ३०० मिलिमीटर लांबीच्या काचेच्या अरुंद नळीत २०० च्या खुणेपर्यंत भरायचे, नळी उभी करायची आणि बरोबर एक तास तिला हात लावायचा नाही. तास भरला की वरचा स्वच्छ पिवळसर थर किती मिलिमीटर उतरला ते वाचायचे. झाले! पहिली सुमारे दहा मिनिटे चळती जुळण्यात जातात. पुढच्या चाळीस मिनिटांत गाळ झपाट्याने उतरतो. शेवटच्या दहा मिनिटांत तळाशी गर्दी होऊन वेग मंदावतो. अमेरिकेतील विंट्रोब याने १९३५ मध्ये आखूड नळीची दुसरी रीत काढली, आणि आता तर यंत्रे अर्ध्या तासात किंवा काही मिनिटांतही आकडा देतात. पण तो आकडा शेवटी वेस्टरग्रेनच्या तासाशीच ताडून पाहावा लागतो.

इतकी सोपी परीक्षा! विजेवाचून, सूक्ष्मदर्शकावाचून, एखाद्या खेड्यातल्या दवाखान्यातही करता येण्याजोगी. पण सोपेपणातही सापळा असतो. माझाच अनुभव सांगतो. मी नुकताच शिकून बाहेर पडलो होतो. एका सकाळी ओळीने पाच रोग्यांचे आकडे वाढलेले आले. सगळा वॉर्ड एकाएकी बिघडला की काय, या विचाराने मी अस्वस्थ झालो. आमच्या प्रयोगशाळेत एक वयस्क तंत्रज्ञ होते. ते आले, त्यांनी नळ्यांची घोडी पाहिली आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, भिंत बांधताना गवंडीसुद्धा ओळंबा लावतो. तुम्ही नुसत्या नजरेवर भरवसा ठेवलात." घोडीचा एक पाय खचला होता आणि सगळ्या नळ्या किंचित कलल्या होत्या. शिवाय ती मी खिडकीशी, उन्हात ठेवली होती. नळी तीन अंशांनी जरी कलली, तरी आकडा तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. कारण पेशी एका बाजूने घसरतात आणि द्रव दुसऱ्या बाजूने वर चढतो. उष्णतेनेही वेग वाढतो. रक्त काढून फार वेळ तसेच ठेवले, तर उलट तो कमी होतो. त्या पाच रोग्यांत काही बिघडले नव्हते. बिघडला होता तो घोडीचा पाय. तेव्हापासून कागदावरचा आकडा पाहिला, की आधी मला तो पाय आठवतो.

आता आपण विचाराल, किती आकडा असला म्हणजे ठीक? पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला १५ पर्यंत आणि स्त्रीला २० पर्यंत, हे सामान्यतः मानले जाते. वय वाढेल तसा आकडा निरोगी माणसातही वाढतो. त्यासाठी एक सोपा आडाखा आहे. पुरुषाचे वय निम्मे करावे. स्त्रीच्या वयात दहा मिळवून मग निम्मे करावे. साठ वर्षांच्या गृहस्थाला ३० आणि साठ वर्षांच्या बाईंना ३५ ही वरची मर्यादा धरली, तर फारशी चूक होत नाही. गरोदरपणात तर आकडा याहूनही पुष्कळ वाढतो आणि ते स्वाभाविकच आहे; फारेउसची सुरुवातच तिथून झाली, हे आपण पाहिले.

या परीक्षेने खरी सेवा केली ती क्षयाच्या आरोग्यधामांतून. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. त्यापूर्वी क्षयावर विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा यांपलीकडे फारसे काही नव्हते. रोगी महिनोन्‌महिने खाटेवर पडून असे. तो सुधारतो आहे की खालावतो आहे, हे ओळखावे कसे? वजन, ताप आणि हा आकडा, ही तीन साधने हाताशी होती. आकडा महिन्यामागून महिना उतरत गेला, तर रोग्याला अंगणात चार पावले टाकायची परवानगी मिळे. चढला, तर पुन्हा खाट. आपल्याकडे जुन्या पिढीच्या मनात हा आकडा आणि क्षय यांची जी गाठ पक्की बसली आहे, ती या काळातली.

पण श्रोतेहो, इथेच घोटाळा झाला. आरोग्यधामातल्या रोग्याला क्षय आहे हे आधी ठाऊक असे. आकडा फक्त त्याची चाल सांगे. आपण उलटा अर्थ लावला. आकडा वाढला म्हणजे क्षय! हे म्हणजे धूर दिसला की आपल्याच घराला आग लागली म्हणण्यासारखे आहे. धूर शेजारच्या चुलीचाही असतो. क्षयाचे निदान थुंकीत किंवा रोगाच्या जागी जंतू शोधून, फोटो काढून आणि रोगी तपासून करायचे असते. कित्येक क्षयरोग्यांचा हा आकडा मर्यादेतही असतो, आणि वाढलेल्या आकड्याच्या बहुसंख्य लोकांना क्षय नसतो.

एका प्राथमिक शाळेतल्या गुरुजींची हकीकत सांगतो. आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन ते माझ्याकडे आले. मुलीला थकवा होता. कुठेतरी रक्त तपासले, आकडा ४२ आला. "आकडा वाढला आहे, क्षयाची औषधे देऊन पाहू," असे त्यांना सांगण्यात आले. गावात गोष्ट लपत नाही. ठरत आलेली सोयरीक मोडली. गुरुजी मला म्हणाले, "डॉक्टर, क्षय असला तर असला म्हणून सांगा. नसला तर नाही म्हणून सांगा. पण हे मधले लटकणे आता सोसवत नाही." मुलीला खोकला नव्हता, ताप नव्हता, वजन घटले नव्हते, छातीचा फोटो स्वच्छ होता. तिच्या खालच्या पापणीची आतली बाजू मी पाहिली, ती पांढरीफटक. हिमोग्लोबिन साडेसात. पाळीत अतोनात रक्त जात होते आणि लाजेखातर तिने ते कोणाला सांगितले नव्हते. रक्त कमी म्हणून गाळ लवकर बसत होता. मघाच्या त्या युरोपातल्या वैद्यांच्या भांड्यासारखाच. लोहाच्या गोळ्या आणि पाळीवर उपचार सुरू केले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकरावर आले आणि आकडा १८ वर. मुलगी बरी झाली. मोडलेली सोयरीक मात्र पुन्हा जुळली नाही. त्या मुलीला दुखावले ते रोगाने नव्हे, एका आकड्याच्या चुकीच्या वाचनाने.

यावरून ही परीक्षा टाकाऊ आहे असे मात्र कोणी समजू नये. आता दुसरी बाजू ऐका. एका कुटुंबातल्या सत्तरी उलटलेल्या आजी नातवाबरोबर आल्या. कपाळाच्या बाजूला, कानशिलावर दुखते, एवढीच तक्रार. घरच्यांनी 'वय झाले, चष्मा बदला' म्हणून ती झटकून टाकली होती. मी सहज विचारले, "आजी, वेणी घालताना दुखते का?" तर म्हणाल्या, "अरे बाबा, फणी लावू देववत नाही. आणि भाकरी चावताना जबडा भरून येतो." कानशिलावरची शीर दोरीसारखी टणक लागत होती. आकडा आला ९६. कानशिलाच्या रोहिणीचा हा दाह पन्नाशीनंतर होतो. उत्तर युरोपात तो जितका आढळतो, तितका आपल्याकडे आढळत नाही. पण ओळखला नाही, तर डोळ्याचा रक्तपुरवठा अचानक तुटून दृष्टी कायमची जाते. अशा वेळी थांबायचे नसते. स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू केले आणि पुढची तपासणी त्यानंतर. आजींची दृष्टी शाबूत राहिली. इथे आकड्याने काय केले? लक्षणांनी जो संशय निर्माण केला, त्याला बळ दिले. संशय माणसाला पाहून आला होता. आकडा साक्षीला उभा राहिला.

असेच इतरही विकार आहेत. सकाळी उठताना खांदे आणि कंबर आखडून जाणारा वृद्धांचा एक संधिवातासारखा विकार. हातापायांच्या लहान सांध्यांचा आमवात. लहान मुलांना हृदयापर्यंत पोचणारा संधिज्वर. हाडात मुरलेला जंतुदोष. या सर्वांत आकडा वाढतो आणि उपचार लागू पडत आहेत की नाहीत, हे पाहण्यास उपयोगी पडतो. म्हातारपणी सतत पाठ दुखते, रक्त कमी झाले आहे आणि आकडा शंभरीपलीकडे गेला आहे, असे त्रिकूट जमले, तर अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाचा शोध घ्यावाच लागतो. कारण त्यात ग्लोब्युलिनचा पूर येतो. एकूणच शंभरावरचा आकडा सहसा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. त्याच्यामागे बहुधा कारण सापडते. अडचण आहे ती २५, ३०, ४० अशा मधल्या आकड्यांची.

उलट, आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होणेही बरे नव्हे. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला सिकलसेलचा विकार पुष्कळ आढळतो. त्यात पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. विळ्यांची चळत कशी रचणार? म्हणून अशा रोग्याला जंतुदोष झाला, तरी आकडा लहानच राहू शकतो. रक्त फार दाट असले तरीही गाळ मंद बसतो.

आता या परीक्षेला एक धाकटा प्रतिस्पर्धी आहे. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक वेगळे प्रथिन सापडले. त्याला 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' म्हणतात. दाह सुरू झाला की काही तासांतच ते वाढते आणि दाह शमला की लवकर उतरते. फायब्रिनोजेनचे तसे नाही. ते चढते सावकाश आणि उतरते त्याहून सावकाश. म्हणून रोगी बरा होऊन फिरू लागला, तरी आपला आकडा कित्येक दिवस वरच रेंगाळतो. तीव्र आजारात आज त्या नव्या परीक्षेला अधिक मान आहे, आणि तो योग्यच आहे. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या विकारांत जुनी नळी अजून कामावर आहे.

तेव्हा आपण घरी जाताना तीन गोष्टी बरोबर न्याव्या, अशी माझी विनंती आहे. पहिली : काही त्रास नसताना, 'सगळे काही तपासून घेऊ' म्हणून ही परीक्षा करून घेऊ नये, तिने उत्तर मिळत नाही, काळजी मात्र मिळते. दुसरी : आकडा वाढलेला आला, तर आधी हिमोग्लोबिन, वय आणि गरोदरपण पाहावे, आणि त्रास नसल्यास काही आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने परीक्षा पुन्हा करावी. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची : केवळ या आकड्यावरून कोणी क्षयाची किंवा अन्य कोणती औषधे सुरू करीत असेल, तर 'आणखी कशावरून?' हा प्रश्न नम्रपणे, पण निर्भयपणे विचारावा. तो विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आमच्याकडूनही एक अपेक्षा आपण ठेवावी. नळीला एक तास देण्यापूर्वी डॉक्टरने रोग्याला दहा मिनिटे द्यावीत. गुरुजींच्या मुलीचे पाळीचे दुखणे आणि आजींची फणी कोणत्याही नळीत दिसली नसती. ती विचारल्यावरच कळली. गढूळ पाणी निवळायला वेळ द्यावा लागतो, आणि मनातली भीती निवळायलाही तसाच वेळ द्यावा लागतो.